शेकाट्याचे पाय वाकडे दिसले की समजा, दोष लेन्सचा नाही

दर हिवाळ्यात एकच तक्रार ऐकते, आणि दोन वर्षं मी स्वतःही तीच करत होते. निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं, पाच-सहाशे फोटो काढायचे, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसतात, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर एकही शार्प नाही. फोकसचा चौकोन बरोबर बदकाच्या डोक्यावर, शटर १/१६०० सेकंद, हात हललेला नाही, तरी पिसं म्हणजे नुसता ओल्या कापसाचा बोळा. थापट्या असो की तलवार बदक, सगळे सारखेच मऊ. आणि गंमत अशी की त्याच दिवशी सकाळी बांधावर १५ मीटरवर बसलेल्या धोबी पक्ष्याचा फोटो मात्र डोळ्यातली चमक दिसेल इतका स्वच्छ.

माझ्याकडे १५०-६०० मिमीची लेन्स आहे आणि २४ मेगापिक्सेलची क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची डीएसएलआर, म्हणजे नाशकात पक्षी काढणाऱ्या बऱ्याच जणांकडे असतं तसंच किट. पहिल्या हिवाळ्यात मी ठरवून टाकलं की लेन्सच खराब आहे. आधी यूव्ही फिल्टर काढला, थोडा फरक पडला (फिल्टर काढाच, लांबच्या लेन्सवर स्वस्तातली काच लावली की कडा दुहेरी दिसायला लागतात), पण मूळ दुखणं तसंच राहिलं. मग लेन्स सर्व्हिस सेंटरला दिली, तीन आठवडे ती तिकडे, ऐन जानेवारीत, आणि परत आली तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेलं, लेन्स ठीक आहे. मला ते पटलं नाही. मग मी सगळ्यात मोठी चूक केली. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला भर दुपारी जाऊन पलीकडच्या काठावरच्या एका पाटीवर फोकस करून करून एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायची कॅमेऱ्यातली सेटिंग, अधिक १२ वर नेऊन ठेवलं. त्यानंतर जवळचे फोटोसुद्धा बिघडले. आधी निदान धोबी तरी चांगला येत होता, आता तोही गेला.

उलगडा झाला तो अभयारण्याला लागून असलेल्या चापडगावला, आणि तोही तिथल्या एका गाईड काकांमुळे. मी साडेदहाच्या सुमारास स्पॉटिंग स्कोपमधून (पक्षी बघायच्या छोट्या दुर्बिणीतून) लांबच्या चिखलावरचे पक्षी बघत होते आणि काका म्हणाले, "ताई, आता ऊन नाचायला लागलं, आता डोळ्यानं बघा, फोटोचं सकाळीच संपलं." मी विचारलं ऊन नाचतं म्हणजे काय, तर त्यांनी स्कोप शेकाट्यांच्या, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांच्या थव्यावर लावून दिला आणि म्हणाले पाय बघा. शेकाट्याचे पाय म्हणजे सरळ गुलाबी काड्या, पण स्कोपमध्ये त्या काड्या पाण्यात बुडवलेल्या दोऱ्यासारख्या वळवळत होत्या, कधी गुडघ्याखाली तुटल्यासारख्या, कधी दोन-दोन दिसणाऱ्या. पक्षी मात्र जागचा हलत नव्हता. त्या क्षणी मला दोन वर्षांचे सगळे फोटो आठवले.

तर मुद्दा एवढाच आहे की आपल्या आणि पक्ष्याच्या मधे जी हवा आहे ती सुद्धा एक काच आहे, आणि ती काच सतत हलत असते. गरम हवा विरळ असते, गार हवा दाट, दोन्हीतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, आणि तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे पुंजके वर चढत असताना प्रकाश क्षणाक्षणाला थोडा इकडे थोडा तिकडे वाकत येतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं आणि समोरून येणाऱ्या गाडीचा खालचा भाग थरथरतो ना, तेच. साध्या डोळ्याला हिवाळ्यात ते जाणवत नाही, कारण गारवा असतो, आपण स्वेटर घालून उभे असतो. पण ६०० मिमीची लेन्स ती थरथर कित्येक पटीनं मोठी करून दाखवते. म्हणून शटर वाढवून उपयोग नाही. शटर १/४००० केलंत तर वाकडं झालेलं चित्र वाकडंच गोठतं, आणि १/२५० केलंत तर सगळी थरथर एकमेकांवर चढून नुसता धूसरपणा मिळतो. टेलीकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा भिंगाचा जोड) लावला तर पक्षी मोठा होतो आणि थरथरही तेवढीच मोठी होते, वर निदान एक स्टॉप, म्हणजे अर्धा उजेड जातो तो वेगळाच.

आता आपल्याकडे नेमकं हेच होतंय की दुसरं काही, हे कसं ओळखायचं ते सांगते, कारण मऊ फोटोची कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. फोटो शंभर टक्के झूम करून बघा. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या असतील तर हात हललाय किंवा पक्षी हललाय, शटर वाढवा. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कडक असेल तर फोकस चुकलाय. पक्षी, गवत, पाण्याची रेघ सगळंच मऊ आणि सलग काढलेल्या दहा फोटोंत प्रत्येक वेळी वेगळ्या जागी मऊ, एकात चोच बरी आहे तर शेपटी गेलेली, पुढच्यात उलटं, तर ती हवा. लेन्सचा दोष असा फोटोगणिक बदलत नाही, आणि हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. कडा कडक पण सगळ्यावर दुधाळ पडदा असेल तर धुकं किंवा धूर, त्याबद्दल पुढे. आणि जवळून बघितल्यावर पिसांच्या जागी मेण फासल्यासारखं दिसत असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) फार वर गेलाय आणि जेपीईजी बनवताना कॅमेऱ्यानं नॉईजबरोबर पिसंही पुसलीत, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेल्या फाइलमध्ये काढा.

पक्कं करायचं असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) चालू करा, लांबच्या एखाद्या खांबावर किंवा पाण्यातल्या वठलेल्या फांदीवर दहापट मोठं करून अर्धा मिनिट नुसतं बघत बसा. खांब पोहायला लागला तर फोटो काढायच्या आधीच उत्तर मिळालं. ट्रायपॉड नसेल तर शेकाट्या शोधा, तो नांदूरमध्यमेश्वरला शोधावा लागत नाहीच म्हणा. लांब, सरळ, बारीक पाय असल्यामुळे त्याच्याइतकं चांगलं मापाचं साधन निसर्गात दुसरं नाही.

आणि लेन्सची शंका फेडायची असेल तर घरात फेडा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, दहा-बारा मीटरवर सावलीत ट्रायपॉड, टायमर लावून फोटो. अक्षरं कडक आली तर लेन्स चांगली आहे, विषय संपला. फाइन ट्यून करायचंच असेल तर याच अंतरावर करा, उन्हात लांबच्या वस्तूवर कधीच नको, कारण तिथे ऑटोफोकसलाच नाचणारं चित्र दिसतंय, ते दर वेळी वेगळ्या जागी थांबणार आणि आपण त्या चुकीचा आकडा कॅमेऱ्यात कायमचा भरून ठेवणार. मी माझा अधिक १२ परत शून्यावर आणला आणि धोबी परत आला.

मग उपाय काय. पहिला उपाय वेळ, आणि इथे थोडं सविस्तर, कारण नुसतं "सकाळी लवकर जा" पुरत नाही. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की पेपरात बातमी येते. अशा सकाळी हवा कडाक्याची गार असते पण धरणाचं पाणी तेवढं गार झालेलं नसतं, त्यामुळे सूर्य उगवताना पाण्यावरून वाफा निघतात. दिसायला फार सुंदर, त्या वाफेतून चक्रवाकाची जोडी पोहत जाते तेव्हा श्वास रोखून बघावं असं दृश्य असतं, पण लांबचा पक्षी शार्प हवा असेल तर ती वाफ म्हणजेही गरम-गार हवेचं मिश्रणच. त्यामुळे अगदी कडक थंडीच्या दिवशी वाफ विरेपर्यंत वातावरणाचे फोटो काढा, पक्षी छोटा ठेवून, प्रकाश आणि वाफ मोठी ठेवून. त्यानंतर चिखल आणि बांध तापायच्या आधी जो वेळ मिळतो तो खरा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, माझ्या अनुभवात साडेसात ते सव्वानऊ हा वेळ सोन्यासारखा. दहानंतर १०० मीटरपलीकडचं काही मिळेल ही आशा सोडा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीचा तासभरही चांगला असतो, पण जमीन दिवसभराची तापलेली असते त्यामुळे सकाळइतका नाही. ढगाळ दिवस आला तर सुट्टी टाकून जा. लोक ऊन नाही म्हणून घरी बसतात, पण ढगाळ दिवशी मला दुपारी एक वाजता १२० मीटरवरच्या भुवई बदकाची भुवई केसागणिक मिळालीये.

दुसरा उपाय म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते बघा. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. आपल्याला वाटतं पक्ष्याजवळची हवा त्रास देते, पण लेन्सच्या जवळची खळबळ जास्त नुकसान करते. घरी करून बघा, वर्तमानपत्रावर बटर पेपर टेकवून ठेवा, अक्षरं वाचता येतात, तोच कागद वर उचलून डोळ्याजवळ आणा, काही वाचता येत नाही. तसंच इथे. तुमच्यासमोर पहिले वीस-तीस मीटर तापलेले दगड, काँक्रीट, डांबर किंवा नांगरलेली काळी माती असेल तर पलीकडे पाणी कितीही गार असो, फोटो गेला. म्हणून बांधावरच्या दगडांमागे न थांबता जिथे आपल्या समोर लगेच गवत किंवा पाणी सुरू होतं अशी जागा निवडा. थोडं उंचावरून काढणंही चालतं, कारण सगळ्यात जास्त नाच जमिनीलगत असतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर झोपून काढा हा सल्ला बरोबर आहे, पण तो २०-२५ मीटरवरच्या पक्ष्यासाठी. १५० मीटरवरच्या थव्यासाठी चिखलात झोपलात तर सगळ्यात घाणेरड्या हवेतून बघणार.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून काढत असाल तर तिथे एक वेगळाच त्रास. कोणी जिना चढलं की मनोरा हलतो, ६०० ला ते लगेच दिसतं. शाळेची सहल आली असेल तर मुलांना आधी मनसोक्त बघू द्या, ती आयुष्यात पहिल्यांदा वारकरी नावाचा पाणपक्षी बघत असतात, कपाळावरचा पांढरा टिळा बघून स्वतःच नाव ओळखतात, ते बघण्यासारखं असतं. सगळी खाली उतरली की मग बटण दाबा.

गाडीतून काढणाऱ्यांसाठी. नाशिकहून चांदोरी, निफाड करत चाळीसेक किलोमीटर हीटर लावून येता, पोचल्यावर लगेच काच खाली करून लेन्स बाहेर काढता आणि पहिला अर्धा तास सगळं मऊ. कारण गाडीतली गरम हवा त्याच खिडकीतून, तुमच्या लेन्सच्या समोरून बाहेर पडत असते. हीटर शेवटचे पाच-सात किलोमीटर बंद ठेवा, पोचल्यावर इंजिन बंद, चारही काचा खाली, आणि पंधरा मिनिटं चहा घ्या. बॉनेटच्या दिशेनं कधीच काढू नका. लेन्ससुद्धा गरम असते, पुढच्या लांब हूडमध्ये गरम हवा कोंडून राहते आणि तिथेच नाचते, म्हणून बॅग डिकीत ठेवून आणा आणि सुरुवातीला हूड काढून ठेवा. हे वाचायला किरकोळ वाटतं पण करून बघा. खिडकीवर टेकायला मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरलीये, ट्रायपॉडपेक्षा भारी काम करते.

तिसरा उपाय अंतर, आणि खरं सांगायचं तर हाच सगळ्यात मोठा. हिशेब बघा. ६०० मिमी आणि क्रॉप सेन्सरवर अर्ध्या मीटरचं बदक १०० मीटरवर असेल तर ते फोटोच्या रुंदीच्या साधारण आठव्या भागात मावतं, २४ मेगापिक्सेलमध्ये साडेसातशे पिक्सेल. २०० मीटरवर पावणेचारशे. आणि मधली हवा दुप्पट. ते क्रॉप करून फ्रेमभर करायचा हट्ट आपण धरतो तिथेच निराशा सुरू होते. उलट २० मीटरवर तेच बदक फ्रेमच्या रुंदीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग भरतं. फक्त तिथे एक काळजी घ्या, एफ/६.३ अपर्चरला २० मीटरवर फोकसची खोली सगळी मिळून जेमतेम फूटभर, तीसेक सेंटीमीटर, म्हणजे शेपटीवर फोकस बसला तर डोळा जाणार. १०० मीटरवर हीच खोली सात मीटर होते, त्यामुळे लांबचा फोटो मऊ आला तर फोकसला दोष द्यायची घाई नको.

पण अंतर कमी करायचं म्हणजे पक्ष्याकडे चालत जायचं नाही. हे मला कळकळीनं सांगायचंय. आपण दहा पावलं पुढे टाकली की पाचशे बदकं उडतात, पलीकडच्या काठाला जातात आणि मग दिवसभर कोणालाच मिळत नाहीत. उडतानाचे फोटो हवेत म्हणून टाळ्या वाजवणं, खडे मारणं, मासेमारीची होडी थव्यात घालायला लावणं, हे प्रकार मी डोळ्यानं बघितलेत आणि फार वाईट वाटतं. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, त्याला परत तोच प्रवास करायचा असतो, इथे तो खायला आणि विसावायला आलाय. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, ते या पाहुण्यांमुळेच. ड्रोन तर परवानगीशिवाय चालतच नाही. जवळचा फोटो मिळवायचा एकच मार्ग, अंधार असताना जाऊन आडोशाला बसणं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. पक्षी आपणहून जवळ येतात. वारकरी आणि टिबुकली पहिले, मग पाणवेलीवरून चालत जांभळी पाणकोंबडी, आणि नशीब असेल तर चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) चोची इकडून तिकडे फिरवत अगदी पंधरा मीटरवर.

अंतराचा संबंध पाण्याच्या पातळीशीही आहे आणि बाहेरून येणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, गाळ साचून उथळ झालाय, आणि इथून गोदावरीचे डावा-उजवा असे दोन्ही कालवे निघतात. वरून गंगापूर, दारणेचं पाणी आलं की पातळी चढते, बेटं बुडतात, बदकं मधे पसरतात, तीनशे मीटरवर नुसते ठिपके. कालव्याला आवर्तन सुरू असेल आणि वरून आवक नसेल तर पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, शेकाटे, तुतारी, शराटी, चमचे काठाशी येतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या गाईडला फोन करून पहिला प्रश्न "पाणी किती आहे" हा विचारा, "कोणते पक्षी आहेत" हा दुसरा. पाणी जास्त आहे म्हणाले तर मी तो रविवार नाशिकजवळच गंगापूर बॅकवॉटरला घालवते.

धुराचं सांगायचं राहिलं. निफाड म्हणजे द्राक्षाचा पट्टा, पारा फार उतरला की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ड्रिपनं पाणी सोडतात. तो धूर गार हवेत खालीच अडकून राहतो आणि सकाळी पाण्यावर निळसर थर दिसतो. त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही, पण फोटोत तो दुधाळ पडदा येतो. हा पडदा मात्र एडिटिंगमध्ये बराच निघतो, डीहेझ थोडं वाढवा, काळे थोडे खाली ओढा. हवेचा नाच मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरनं निघत नाही, शार्पनेस वाढवला तर वाकड्या कडा आणखी ठळक होतात.

तरीही उशीर झालाच आणि समोर काहीतरी दुर्मिळ उभं असेल, तर बर्स्ट लावा. उभ्या किंवा झोपलेल्या पक्ष्याचे वीस-तीस-चाळीस फोटो सलग घ्या, दर चार-पाच फोटोंनंतर फोकस सोडून परत पकडा. हवा मधेच क्षणभर शांत होते, विशेषतः वाऱ्याची झुळूक आली की, आणि चाळीसात दोन बरे निघतात. माझ्याकडचा मोठ्या लालसरी बदकाचा एकमेव फोटो असाच आलाय, सकाळी पावणेअकरा, १३० मीटर, छप्पन्न फोटोंतला एकेचाळिसावा. बाकीचे पंचावन्न डिलीट करायच्या आधी एकदा ओळीनं बघून घ्या, तोच पक्षी कसा श्वास घेतल्यासारखा फुगतो-आकसतो ते दिसेल, आणि पुढच्या वेळी लेन्सवर शंका येणार नाही. दहानंतर मी आता लेन्स खाली ठेवते आणि दुर्बीण काढते, किंवा कालव्याच्या कडेनं चालत जाते, तिथे धोबी, शंकर, कवड्या खंड्या असे पक्षी दहा-पंधरा मीटरवर असतात आणि तेवढ्या अंतरात ऊन कितीही नाचलं तरी फारसं बिघडत नाही.